ताईच्या काळ्या चादरी

आमची थोरली ताई डोळे बारीक करूनच जन्माला आली, असं आई म्हणायची. शाळेत माझा पहिला नंबर आला तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. ताईने विचारलं, "बाकीची पोरं आजारी होती का रे?"

पण हाताला मात्र अशी स्वच्छ, की गावच्या दवाखान्याच्या चादरी तीस वर्षं तिच्याकडेच धुवायला होत्या. नवरा लवकर गेला. या चादरींच्या जिवावर तिने दोन मुली वाढवल्या, लग्नं करून दिली.

त्या साली दवाखान्यात नव्या मोठ्या नर्सबाई आल्या. ऊस तुटून गेला होता आणि शेतांमधून पाचट पेटलं होतं. दरवर्षी तो महिना असाच जायचा. सूर्य तांब्याच्या झाकणासारखा दिसायचा, घशात खवखव आणि अंगणात जळक्या पाचटाचे काळे कपटे. आधीच्या बाई त्या दिवसांत मळकी चादर चालवून घ्यायच्या. नव्या बाईंनी पहिलाच चोवीस चादरींचा गठ्ठा परत पाठवला.

"बाई, हवाच काळी आहे," ताई म्हणाली.

"कुठे काळी? समोर नगरपालिकेच्या दारावरचा फलक बघा. हवेचा आकडा हिरवा, खाली लिहिलंय 'उत्तम'. काजळी तुमच्या भट्टीची आहे. आठ दिवसांत चादरी पांढऱ्या झाल्या नाहीत, तर काम दुसऱ्याला देईन."

ताई घरी आली ती फणफणतच. तिने भट्टी विझवली, एक चादर थंड पाण्यात धुतली आणि दोरीवर टाकली. दुपारपर्यंत चादरीवर काळे ठिपकेच ठिपके.

"भट्टी नाही. मग कोण?" तिने गल्लीवरून नजर फिरवली. पिठाच्या गिरणीवाला झाला, शेजारणीची चूल झाली, शेवटी नजर माझ्यावर आली. "तुझी बिडी असेल."

"ताई, एका बिडीने चोवीस चादरी काळ्या होत असतील, तर मी बिडी नाही, आगगाडी ओढतोय!"

ती हसली नाही. "शेतं जळतात ते मला दिसतं, चादरीला दिसतं. मग त्या फलकालाच कसं दिसत नाही? कुणीतरी हात ओले केलेत. चल."

"कुठे?"

"फलकाला आकडा कुठून येतो, तिथे."

आकडा यायचा नगरपालिकेच्या गच्चीवरच्या डब्यातून. हवा आत ओढून मोजणारं यंत्र ते, वर्षापूर्वी बसवलेलं. सांभाळायला तिथला म्हातारा शिपाई. आम्हाला जिन्यात बघून तो गडबडला.

"वर कशाला, ताई? वर काही नाही."

"काही नाही, तर घाम का फुटला?" ताईने त्याला बाजूला सारलं. मलाही वाटलं, पकडला लेकाला!

गच्चीवर पोचलो आणि मी बघतच राहिलो. यंत्राला कव्हर घातलं होतं! जाड, दुहेरी कापडाचं, काजळीखालून डोकावणाऱ्या फुलाफुलांचं, खाली झालर आणि नाडीची घट्ट गाठ. नवा फ्रिज आला की घराघरांत शिवतात ना, अगदी तसं.

"हे काय?" ताईने विचारलं.

"हंगामात घालतो," शिपाई हळूच म्हणाला. "बायकोने शिवलंय. साहेबांना सांगू नका, ते म्हणतील सरकारी वस्तूला घरचं कापड कशाला लावलंस. पण एवढं महागाचं यंत्र, ताई! ही काजळी आत गेली तर खराब नाही का होणार?"

"अरे, काजळी मोजायलाच ठेवलंय ना ते!"

ताईने स्वतः गाठ सोडली. आम्ही खाली फलकासमोर उभे राहिलो. तासाभरात हिरवा आकडा पिवळा झाला, मग तांबडा, मग इतका चढला की रस्त्यावरचे लोक तोंडाला रुमाल लावू लागले. तीच हवा सकाळपासून खात होते बरं का!

ताई कव्हर घेऊन थेट दवाखान्यात गेली आणि तिने ते नर्सबाईंच्या टेबलावर पसरलं. बाहेरून तव्याच्या बुडासारखं, आतून पांढरं. नर्सबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, खिडकीतून तांबडा फलक पाहिला.

"चुकलं माझं, ताई. काम तुमच्याकडेच राहील. हंगाम संपेपर्यंत आमच्या मागच्या बंद खोलीत चादरी वाळवा. आजच किल्ली देते."

ताईने किल्ली घेतली. फाटकाबाहेर आली. मग थांबली, डोळे बारीक केले.

"एवढ्यात कशी कबूल झाली रे? आणि ती खोली रिकामी का आहे?"