अर्धं अंडं फसफसलं

बोईसरच्या चायनीजच्या गाडीवर व्हिनेगरचा भपका आला की मला सातपाटीतलं एक अंडं आठवतं. तेव्हा माझ्या हातात पत्रकं होती: 'फ्लोराइड विष आहे, टूथपेस्ट फेका!' बोंबील वाळत घातलेल्या बांबूंखाली उभी राहून मी तावातावानं ओरडत होते. मासळी विकणाऱ्या एका मावशीनं विचारलं, "तंबाकूची मिश्री आताच सोडली, पेस्ट धरली. ती फेकू? मंग परत मिश्री लावू?" मी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. पत्रकात याचं उत्तरच नव्हतं! आरोग्य केंद्रातल्या नर्सताई तिथेच दातांची माहिती द्यायला आल्या होत्या. त्यांनी एक अंडं काढलं. आदल्या दिवसापासून त्याच्या अर्ध्या भागावर फ्लोराइडची पेस्ट थापलेली होती. ती धुऊन त्यांनी अंडं व्हिनेगरमध्ये सोडलं. कोरी बाजू फसफसली, पेस्टवाली जवळजवळ शांत. "तोंडातलं आम्ल दातातलं कॅल्शियम असंच खातं," त्या म्हणाल्या. "फ्लोराइड दाताला धरून बसलं की आम्लाची डाळ शिजत नाही. विहिरीच्या पाण्यातून वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं तर वाईटच, पण पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन थुंकायची असते गं!" मावशीनं माझा गठ्ठा ओढून घेतला. "तुजा कागूद वाया नाय जायचा, पोरी. सुकं बोंबील बांदते." मी रागानं लाल झाले, तरी हसू आवरेना. परवा मी तिथेच मिश्रीविरुद्ध पत्रकं वाटली. मावशीनं आधी माझ्याकडून सगळं वाचून घेतलं, मग दात दाखवत हसली, "यात नाय बांदायचं बोंबील. हा घरात लावते."