तुम्ही फक्त सही करा

देवदत्तने आयुष्यात आयती वस्तू फारशी कधी घेतली नाही. पुण्यात कॉलेजात असताना त्याने सुटे भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला, मग मित्रांचे सात जोडून दिले. अकरा वर्षांपूर्वी परदेशात, कासलबार गावाबाहेरच्या या घरात राहायला आल्यावर स्वयंपाकघरातली कपाटंही त्यानेच ठोकली. सुतार नको, प्लंबर नको, शेजाऱ्यांचा हात तर नकोच. तयार वस्तू विकत घेणाऱ्याकडे तो असा बघायचा, जणू त्या बिचाऱ्याला देवाने हातच दिले नाहीत. बायको चैत्राली म्हणायची, "तुझं चाललं तर तू पाण्यासाठी हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे आणशील."

अशा माणसाला त्रेचाळिसाव्या वर्षी रायफल हवीशी झाली.

हौस तशी जुनी. कॉलेजात तो नेमबाजी करायचा, पण रायफल क्लबची. पाळीपाळीने मिळायची आणि तिचा दस्ता कुणाच्याच खांद्याला नीट बसायचा नाही. तरीही पालथं पडून निशाण्याकडे बघताना त्याचं डोकं शांत व्हायचं, तसं पुढे कधीच झालं नाही. आता तो हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायचा आणि दिवसभराचे ते बीप-बीप घरीही कानात वाजत राहायचे. गावाबाहेरच्या क्लबचा तो सभासद झाला होता. तिथल्या एकाची छोटी पॉइंट ट्वेंटी-टू सेमी-ऑटोमॅटिक त्याने चालवून पाहिली. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटायची आणि पुढची आपोआप जागेवर यायची. गडी खूश झाला. अशी एक आपली हवी, पण जोडायची मात्र आपण, हे त्याने घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं.

बंदुकांच्या दुकानदाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इथे मुख्य भागांना कायद्याने बंदूकच मानतात. एकेक भाग आणायचा म्हटलास तरी आधी परवानगी. उगाच नसत्या भानगडीत पडू नकोस. तयार घे, अर्ज कर."

देवदत्तचा चेहरा पडला.  शेवटी स्वतःची समजूत घालून तो अर्ज भरायला बसला. अर्जात दोन ओळखीची माणसं द्यायची होती. एक क्लबचा सेक्रेटरी होता. दुसरा कोण, यावर तो बराच वेळ पेन चावत बसला आणि मग त्याने समोर राहणाऱ्या जार्लथ डर्कनचं नाव लिहिलं. जार्लथ पासष्टीचा, एकटा राहणारा मेंढपाळ. इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं काय, तर हवा आणि पुन्हा हवा.

सोबत जार्लथचं शिफारसपत्रही जोडावं, असं त्याला वाटलं. ते त्याने स्वतःच टाइप केलं. 'मी श्री. देवदत्त यांना अकरा वर्षं जवळून ओळखतो. ते अत्यंत जबाबदार आणि सुस्वभावी आहेत.' जार्लथच्या गेटापाशी जाऊन त्याने कागद पुढे केला. "तुम्ही फक्त सही करा." जार्लथने "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', म्हणत गेटाच्या खांबावर कागद टेकवून सही केली.

तीन आठवड्यांनी गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांची, सार्जंट घरी आली. बाई मृदू बोलणारी होती. चहा झाला. मग तिने ते पत्र टेबलावर ठेवलं.

"मी डर्कनना भेटले. ते म्हणाले, चष्मा घरात होता, पण सही माझीच आहे. हे कुणी लिहिलं?"

"मीच." देवदत्तला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "आमच्याकडे असंच करतात. शिफारसपत्र आपण लिहून न्यायचं, सर सही करतात. त्यांचा वेळ वाचतो."

सार्जंट हसली नाही. "तुमचं तुमच्याबद्दल मत चांगलं आहे, ते कळलं. पण बंदूक कुणाच्या हातात जाणार, हे मला शेजाऱ्याकडून ऐकायचं असतं. तुम्हाला खरोखर ओळखणाऱ्या कुणाकडून तरी चार ओळी आणा. पंधरा दिवस थांबते."

ती गेल्यावर चैत्राली कप उचलत म्हणाली, "पत्रसुद्धा घरीच जोडलंस?" एरवी त्याने उलट उत्तर दिलं असतं. आज त्याला मनापासून लाज वाटली. रायफल मिळणार नाही याचं दुःख होतंच. पण या गावात आपल्याबद्दल चार ओळी लिहू शकेल असं कोण आहे, हे त्याने बोटांवर मोजायला घेतलं आणि एकही बोट मिटेना.

दुसऱ्या दिवशी तो कोरा कागद घेऊन जार्लथच्या गेटापाशी गेला. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली आणि म्हणाला, "तुम्हाला वाटेल ते लिहा."

जार्लथने कागद घेतला. "खोटं लिहिता येणार नाही मला," तो म्हणाला. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी कागद तयार होता. देवदत्तने तो गेटापाशीच उघडला. मोठ्या, वाकड्या अक्षरांत पेन्सिलीने लिहिलं होतं:

'हा माणूस माझ्या समोर राहतो. त्याने मला कधी त्रास दिला नाही आणि कधी काही मागितलंही नाही. याची ओळख झाली असती तर मला आवडलं असतं.'

त्याने ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, ते त्याने लपवले नाहीत. सार्जंटपुढे ठेवण्याजोगं हे पत्र नव्हतं आणि पंधरा दिवसांत दुसरं मिळणारही नव्हतं. यंदा रायफल गेली, हे त्याला कळून चुकलं.

जार्लथ मेंढ्यांकडे वळला होता. देवदत्तने गेटाची कडी काढली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो आत गेला.

"जार्लथ," तो म्हणाला, "थोडा वेळ बसू का?"