काटा, तोंड, चिठ्ठी, थप्पी

तिसगावच्या बाजारपेठेत काकासाहेबांचं भुसार मालाचं दुकान आहे. आलेलं पोतं काट्यावर ठेवायचं, दाभणाने त्याचं तोंड शिवायचं, मालाची चिठ्ठी बांधायची आणि त्याच मालाच्या थप्पीला लावायचं, हे वाल्मिकचं काम. तो ते पुटपुटत करतो. "काटा, तोंड, चिठ्ठी, थप्पी." या पुटपुटण्यापायी त्याची नोकरी गेली होती.

वाल्मिक चौतीस वर्षांचा आहे. तेविसाव्या वर्षी ऊसतोडीच्या फडात त्याला कुणीही न बोललेलं ऐकू येऊ लागलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. गोळ्यांनी दोन वर्षांत आवाज थांबले. गावाने गृहीत धरलं, की पोरगा बरा झाला, आता कामाला लागेल. पण आई लंकाबाईने तीन जिनसा सांगितल्या तर तो एक आणायचा. शेळ्यांना पाणी पाजायला जायचा आणि बादली हापशावर विसरून यायचा. मुकादम म्हणाला, ऐतखाऊ. भावकी म्हणाली, सोंग. या आजारात लक्ष आणि स्मरण मार खातं, आवाज थांबले म्हणून ते आपोआप परत येत नाही, एवढी साधी गोष्ट त्या घराला आठ वर्षं कुणी सांगितली नाही. दर महिन्याला गोळ्या लिहून देणाऱ्यांनीही नाही.

सांगितलं सुकन्याने. पाथर्डीतल्या एका संस्थेत ती अशा रुग्णांकडून लक्ष देण्याचा, लक्षात ठेवण्याचा सराव करून घेते. गेल्या वर्षी सहा महिने, आठवड्यातून दोनदा, वाल्मिक एसटीने तिथे गेला. आधी पत्ते जुळवणं, ऐकलेली यादी परत सांगणं. मग खरी कामं. प्रत्येक पायरी करण्याआधी त्याने ती मोठ्याने म्हणायची, सवय झाली की हळू, शेवटी मनात. वाल्मिक पुटपुटण्यापाशी थांबला. मनात म्हटली की पायरी निसटायची.

"ओठ हलले तर हलू दे," सुकन्या म्हणाली. "काम बरोबर होतंय ना?"

होत होतं. काकासाहेबांकडे कामाला लागल्यावर पाच महिन्यांत त्याचं एकही पोतं चुकीच्या थप्पीला लागलं नाही. मग एक दिवस गोरक्षनाथ नावाचे बागायतदार तूर घेऊन आले. वाल्मिक पोतं शिवत होता.

"कोनाशी बोलतोय रं ह्यो?"

"गोळ्या चालू हायत त्याच्या," एक हमाल म्हणाला.

"आन् येड्याच्या हातात दाभन दिलंय? काकासाहेब, उद्या कुनाच्या डोळ्यात घालंल!"

दुसऱ्या दिवशी वाल्मिकला दारातूनच परत पाठवलं. लंकाबाई सुकन्याला घेऊन दुकानात आली.

"पोरगा गुनी हाय, ताई," काकासाहेब म्हणाले. "माझ्या मुनिमाच्या रोज चुका हुत्यात, ह्याची एक न्हाई."

"मग मुनिमाला काढलंत का?"

"मुनीम बडबडत न्हाई."

तेवढ्यात माल आला. काकासाहेब उठले आणि पोती मोजू लागले, एक न म्हणता रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हणून, खणखणीत आवाजात. "लाभ! दोन! तीन!"

"तुम्हीही बोलताच की," सुकन्या म्हणाली.

"ती रीत हाय, ताई."

शेवटी त्यांनी तोड काढली : वाल्मिकने यावं, पण तोंड बंद ठेवून. दोन दिवस त्याने ओठ दातांत धरून काम केलं. दुसऱ्या दिवशी बाजरीची तीन पोती चिठ्ठीविना गव्हाच्या थप्पीला लागली. "बघा, मी म्हनलंच हुतं," काकासाहेब म्हणाले. ज्या कुबडीवर माणूस चालत होता ती काढून घ्यायची, आणि तो पडला की त्यालाच लंगडा ठरवायचं.

लंकाबाई घरी जायला स्टँडवर आली. जीपचा ड्रायव्हर बॉनेटला टेकून हातवारे करत एकटाच बोलत होता, हसत होता, शिव्या देत होता. कानात फोनची तार होती. त्याला कुणी वेडा म्हणत नव्हतं.

सकाळी तिने पुतण्याची बिघडलेली तार वाल्मिकच्या कानात घातली आणि त्याला दुकानात नेऊन उभं केलं. "शेठ, कुनी इचारलं तर म्हना, फोनवर बोलतोय."

काकासाहेब हसले. "आठ दिस बघू," म्हणाले.

त्याला आता तीन महिने झाले. पुन्हा एकही पोतं चुकलेलं नाही. गोरक्षनाथ परवा हरभरा घेऊन आले, वाल्मिककडे बघून म्हणाले, "गडी लई कामाचा दिसतोय. सारखा फोन चालू."

सुकन्याला हे पटलेलं नाही. "काकू, आम्ही त्याला शिकवलं ते लपवायला नव्हे."

"मग लोकास्नी शिकवा, ताई," लंकाबाई म्हणाली. "तुमचं हुईस्तवर तार ऱ्हाऊ द्या."

वाल्मिककडे मोबाईल नाही. तारेचं दुसरं टोक त्याच्या खिशात असतं, गोळ्यांच्या पाकिटाला लागून.