आईच्या मुठीतलं नाणं

परवा संग्रहालयात कुषाण राजाचं सोन्याचं नाणं पाहिलं. मागच्या बाजूला खांद्यांतून ज्वाळा निघणारा इराणी अग्निदेव होता.

माझ्या लहानपणी लातूर जिल्हा नवाच झाला होता. दुष्काळी कामावर तळं खोदताना आईच्या टिकावाखाली असंच नाणं निघालं होतं. मुकादम म्हणाला, "आण इकडं, साहेबाला देतो."

आईनं मातीनं भरलेली मूठ आवळली. "साहेबालाच बोलवा. कागदावर माझं नाव लिवा, मंग देते."

"कामावरून काढीन!"

"काढा की!"

सगळ्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. दुपारी तहसीलदार आले. आईच्या नावानं पंचनामा झाला, तेव्हाच मूठ उघडली.

सोनं गेलं म्हणून मी रडले, आईला वेडी म्हणाले. आज कळतं, तिला सोनं नकोच होतं; फक्त कुणी हिसकावून घेतलेलं चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कामावर हजर होती.