पुसट ओठ, रेखीव कान

पौषातल्या दुपारी दादाच्या पडवीत उन्हाचा एक तिरपा पट्टा येई आणि त्यात कोळशाची बारीक काळी धूळ तरंगत राही. तिचा कोरडा, जळका वास अजूनही अवचित नाकाशी येतो आणि हातातलं काम थांबतं.

दादा, माझा थोरला भाऊ, शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्तीनंतर त्यानं तीन दुपारी समोर बसवून माझं चित्र काढलं. मी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या धंद्यातला. लांज्याकडच्या एका खाणीचा सौदा त्याच दिवसांत फोनवर चालला होता. चिरा ठोकून बघावा, आवाज बद्द आला तर परत पाठवावा, या शिस्तीवर मी शून्यातून उभा राहिलो. चित्र हाती आलं तेव्हा तेही उजेडात तिरपं धरून निरखलं. कपाळ आणि जबडा कोळशाच्या रुंद, घाईच्या फटकाऱ्यांत. ओठ तर पुसून पुसून धुक्यासारखे झालेले. पुरं कर, मग नेतो, म्हणालो. तो हसला आणि कागद कपाटात गेला.

चैत्रात दादा गेला. आजार त्याला दिवाळीपासून ठाऊक होता, वहिनीला ठाऊक होता. मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. तेराव्याला पानं उठल्यावर मी वहिनीला नको तितकं बोललो. चार घरं पलीकडे राहणारा सख्खा भाऊ, आणि त्याला परक्यासारखा ठेवलात, असं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तो कागद आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"भावोजी, एवढी पारख तुमची. यात पुरं काय झालंय ते बघा आधी."

कान. डावा कान. कोळसा बाजूला ठेवून टोकदार पेन्सिलीनं काढलेला. पाळीची घडी, आतल्या वळणात हळूहळू गडद होत गेलेली सावली, केसासारख्या रेघांवर रेघा, आणि कुठंही खोडलेलं नाही. उजव्या कानाला तिन्ही दुपारी फोन होता.

"ओठ तुमचे थांबतील तर काढणार ना," वहिनी म्हणाली. "हे रोज ठरवून बसायचे, आज सांगतो म्हणून. तुम्ही फोन ठेवायची वाट बघायचे आणि तोवर कान काढायचे."

राग गेलेला नाही. कुणावर धरायचा तेवढं मात्र आता कळत नाही. चित्र माझ्या घरी आहे. संध्याकाळी खाडीवरचा पिवळा उजेड भिंतीवरून ओसरू लागला की आधी ओठ विरतात, मग जबडा, आणि काळोख दाटेपर्यंत तो एकटा कान उरतो. मी सौद्यात गुंतलेला असताना दादा त्याच्याशी हलक्या आवाजात काही बोलला असेल का, हा विचार मग सुटत नाही. बोलला असेल, तर ते त्या कानापाशीच आहे. मी फोन आतल्या खोलीत ठेवून येतो आणि दिवा लावायला उशीर करतो.