हिराबाईंच्या भाकरीच्या टिकल्या

ही गोष्ट सांगायचं मी पन्नासहून अधिक वर्षं टाळत आलो. बायकोला सांगितली नाही, मुलालाही नाही. मागच्या महिन्यात तारापूरहून सुनंदाचा, म्हणजे हिराबाईंच्या मुलीचा फोन आला. "काका, आई गेली. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसली, आन् गेली..." वय ऐंशीच्या पुढे होतं, हाल झाले नाहीत. सुनंदाचा आवाज शांत होता. मलाही रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की खरं काय ते सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलो.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी कराडहून येऊन तिथे स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागलो होतो. कॉलनीत पत्र्याच्या छपराचा एक क्लब होता. परदेशी इंजिनियर कुटुंबांसह राहायचे, त्यामुळे नाताळची पार्टी जोरात व्हायची. त्या वर्षी खाण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण पुण्यात हॉटेल चालवणाऱ्या मामाकडे मी वाढलोय अशी फुशारकी मीच मारली होती. मामा होता, हॉटेलही होतं. मी तिथे फक्त जेवायचो.

माझा बेत सोपा होता. खारी बिस्किटं, वर बटाट्याचं सारण आणि चीजचा तुकडा. उभ्याउभ्या एका घासात खाता येईल असं काहीतरी. ऐन वेळी घाई नको म्हणून सकाळीच मी बिस्किटांचे डबे फोडले, ती ताटांत ओळीने मांडली आणि वर मलमल पसरून व्हरांड्यात ठेवली. कराडला ती तशीच कुरकुरीत राहिली असती. दुपारी तीनला एक उचललं, तर ते चपातीसारखं दुमडलं.

हिराबाई तिथे भांडी घासायला होत्या. माहेर दातिवऱ्याचं, सासर तिथल्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"सायेब, ह्यांना वारा लागला."

"वाऱ्याने काय होतं?"

"तुमच्या गावचा वारा कोरडा असंल. आमी पापड पण डब्यात कोंडून ठेवतो."

"हिराबाई, पाच वाजता लोक येणार आहेत."

"मंग तोंड असं करून काय व्हनार? तांदळाचं पीठ हाय ना?"

त्यांनी उकड काढली. पातळ भाकऱ्या थापल्या, औषधाच्या बाटलीच्या रुंद झाकणाने त्यांच्या रुपयाएवढ्या टिकल्या पाडल्या आणि मंद आचेवर तव्यात कोरड्या भाजायला घेतल्या. एक टिकली कानाशी धरून मोडायच्या. कट्ट वाजली नाही तर म्हणायच्या, "ही अजून मुकी हाय," आणि घाणा परत तव्यावर. मधेच घरी जाऊन दातिवऱ्याहून आलेल्या सुक्या जवळ्याचा डबा घेऊन आल्या. तो इवल्याशा कोळंबीसारखा जवळा निवडला, भाजला, ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण घालून पाट्यावर ओबडधोबड वाटला, वर लिंबू पिळलं. जे मासळी खात नाहीत त्यांच्यासाठी नुसत्या खोबऱ्याची चटणी वेगळी. त्यांनी मला एकच ताकीद दिली. "चटनी आधी लावून ठेवू नका. मानूस दारात दिसला की लावायची." मी व्हरांड्यात उभा राहून माणसं दिसली की आत ओरडत होतो. त्या दिवशीचं माझं खरं काम तेवढंच.

टिकल्या अशा काही संपल्या, की एका उंच परदेशी इंजिनियरने ताटलीच लेकरासारखी उराशी धरली आणि बायकोलाही देईना. लोक हसत होते. मुख्य साहेबांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, त्या माझ्याकडे आल्या. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

हिराबाई दुसरं ताट घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या. मी म्हणालो, "आमच्या घरची पद्धत आहे, वहिनी. आई करते."

कराडच्या घरात जवळा! माझ्या आईने तो जन्मात पाहिला नव्हता. वहिनींना काही खटकलं नाही. मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा हिराबाई पाटा धूत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "तुमच्या आईला सांगा, लसून जरा कमी पडला."

इथवर असतं तर मी ही गंमत म्हणून कधीच सांगून टाकली असती.

आठवड्याभरात समजलं, की क्लबला स्वयंपाकासाठी कायमची बाई ठेवणार आहेत. क्लबच्या मागची पक्की खोली तिला राहायला मिळणार होती. हिराबाईंच्या झोपडीत पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी शिरायचं. सुनंदा तेव्हा तान्ही होती, तिला उचलून शेजारच्या ओट्यावर रात्री काढाव्या लागत. त्या मला म्हणाल्या, "सायेब, वैनींजवळ माझं नाव घाला. पोरीला कोरडी जागा मिळंल." मी हो म्हणालो. दुसऱ्याच दिवशी वहिनींनी आपण होऊन विचारलं, "ती तुमच्या हाताखालची बाई कशी आहे? तिला जमेल का?"

त्या स्वयंपाकाला लागल्या असत्या तर पहिल्याच पार्टीत टिकल्या कुणाच्या ते उघड झालं असतं. मी म्हणालो, "भांडी स्वच्छ घासते. स्वयंपाक नाही जमायचा तिला."

बोईसरहून दुसरी बाई आली. हिराबाईंना मी सांगितलं, वहिनींचं आधीच ठरलं होतं. "असू दे," एवढंच म्हणाल्या. पुढचा पावसाळा त्यांनी त्याच झोपडीत काढला, आणि माझी बदली झाली.

नंतरचं सगळं चांगलंच झालं, आणि ते माझ्यामुळे नव्हे. कॉलनीतल्या बायकांनी टिकल्यांचा माग काढत त्यांचं दार गाठलंच. बारसं, वाढदिवस, हळद, नाताळ... पालघर-वाणगावपर्यंत त्यांचे डबे जाऊ लागले. पुढे वरच्या अंगाला, पाणी पोचणार नाही अशा जागी, त्यांनी पक्कं घर बांधलं. निवृत्तीनंतर मी मुलाकडे पालघरला राहायला आलो तेव्हा शोधत गेलो. मग दर नाताळाला जायचा परिपाठ पडला. मी कधी हात हलवत परत आलो नाही. पिशवीत डबा असायचाच. त्या सुखात होत्या, आणि त्यांच्या ओटीवर बसून मलाही सुख वाटायचं, हे खोटं कशाला सांगू?

दोन वर्षांपूर्वी मात्र मी ठरवून गेलो. बोईसरहून रिक्षा केली आणि वाटभर एकच वाक्य मनात घोळवत राहिलो. हिराबाई ओटीवर बसून टिकल्या डब्यात भरत होत्या. मी बसलो, घसा खाकरला. "हिराबाई, एक बोलायचं होतं. त्या क्लबच्या खोलीचं..."

तेवढ्यात सुनंदाची नवी सून चहा घेऊन बाहेर आली. हिराबाईंनी तिला हाताने थांबवलं. "आगे, पाया पड ह्यांच्या. ह्या सायबानं मला पयल्यांदा पार्टीचं काम दिलं. वैनींकडं माझ्यासाठी शब्द पन टाकलेला ह्यांनी. नशिबात नवतं, पन टाकला."

ती पोर वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हिराबाई माझ्याकडे पाहत होत्या; त्यांना खरं माहीत होतं की नव्हतं, हे मला त्या नजरेतून कळलं नाही आणि आता कळणारही नाही. मी चहा प्यायलो, हवापाण्याचं बोललो, डबा घेतला आणि निघालो. रिक्षात घोळवलेलं वाक्य तसंच राहिलं. ते असं होतं:

"हिराबाई, मी तुमच्यासाठी शब्द टाकला नाही, तुम्हाला स्वयंपाक येत नाही असं सांगितलं, मला माफ करा."