खारपाणात उघडलेली खाडीची वही

आषाढातल्या एका रविवारी मी खाडीवर गेलोच नाही. झोपून राहिलो, आणि वहीत मात्र आकडा लिहिला.

वही खाडीच्या पाण्याची. कोकणातल्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. दर रविवारी भरतीच्या वेळी धक्क्यावर जायचं, बादलीभर पाणी काढायचं आणि त्यात काचेची एक कांडी सोडायची. पाणी जितकं खारट, तितकी कांडी वर तरंगते. तिच्यावरच्या किती रेघा पाण्याबाहेर राहिल्या ते लिहायचं, शेवटच्या रकान्यात पाऊसवारा टिपायचा, आणि सोमवारी हेच आकडे वर्गात मांडायचे. पुस्तकातली उदाहरणं उष्टी, आमची ताजी, असं मी शिक्षकांच्या एका शिबिरात छाती काढून सांगितलं. छाती आत घ्यायच्या आधीच मलकापूरकडच्या इंगळे गुरुजींनी माझा हात धरला. “दिवाळीनंतर वही घेऊन आमच्याकडं या. आमच्या लेकरांनी समुद्र नाही पाह्यला, पण खारं पाणी लय पाह्यलं.”

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. कोकणातल्या मास्तरानं वऱ्हाडात जाऊन खाडी शिकवायची, यात मला काहीतरी ऐतिहासिक वाटू लागलं. इतिहास होल्डॉलमध्ये बांधून निघालो. सोबत खाडीच्या पाण्याच्या दोन बाटल्या, बुचांवर मेण ओतलेल्या. मलकापूरला उतरलो तेव्हा एकीचं मेण भुसावळच्या आसपासच निघालेलं होतं आणि माझ्या गादीला सुक्या बोंबलांचा वास येत होता. हमालानं होल्डॉल खांद्यावर घेतला, हुंगला, परत खाली ठेवला. “काय भरलं बे याच्यात?” त्यानं विचारलं. मला नाही, होल्डॉललाच.

स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळींना लटकलेला. झाडांनाच म्हातारपण आल्यासारखं. इंगळे गुरुजी खाचर (छोटी बैलगाडी) घेऊन आले होते. वाटेत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. उद्या माझा पाठ बघायला दिपोटी (शाळा तपासणारे साहेब) येणार होते. प्रयोगाच्या सामानाची एकच पेटी तालुक्याला आली होती, आणि ती कुठल्या शाळेला द्यायची ते साहेब या पाठावरून ठरवणार होते.

“तीन वर्षं झाली, मी फळ्यावर भिंग काढून दाखवून राह्यलो,” गुरुजी म्हणाले. “खरं भिंग एकाही पोराच्या हाती नाही दिलं. आता सगळं तुमच्या वहीवर हाय.”

मी वही मांडीखाली घेतली. आषाढातला तो रविवार मला टोचला, पण तो खाचराचा खिळा असावा असं मी ठरवलं.

गाव खारपाणातलं, म्हणजे खाऱ्या विहिरींच्या पट्ट्यातलं. घरी पोचताच गुरुजी हातपाय धुवा म्हणाले. ओसरीवर दोन रांजण होते. मी जवळच्या रांजणातलं पाणी घेऊन हातपायच काय, साग्रसंगीत अंघोळ उरकली. साबणाला काय फेस आला! खाऱ्या पाण्याची लोक उगाच तक्रार करतात, असं मी गुरुजींच्या आईंना ऐकवलंसुद्धा. त्यांनी रांजणात डोकावून बघितलं.

“हे गोडं पाणी होतं, गुर्जी. कोसभरावरून आणलेलं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “खाऱ्यात डाळ शिजत नाही ना. तुमच्यासाठीचं वरण तुमी आंगावर घेतलं.”

रात्री कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), वांग्याचं भरीत आणि ठेचा मिळाला. वरणाचा विषय मी काढला नाही. आईंची सून वाढता वाढता पदराआड हसत होती.

सकाळी शाळेच्या पडवीत सातवीचा वर्ग भरला. दिपोटी साहेब खुर्चीवर. चष्मा असा की त्यातून फक्त चुका दिसाव्यात. मी उरलेली बाटली मोठ्या थाटात उघडली आणि तळहातावर थेंब थेंब दिला. सगळे थक्क होतील अशी माझी कल्पना. मुलांनी मिटक्या मारल्या.

“हाव, मारोतीच्या विहिरीसारखं हाय,” एक पोरगा म्हणाला.

“नाही बे, त्याच्याहून खारं. पाटलाच्या विहिरीसारखं,” दुसरा. दोन तट पडले. समुद्राला कोणी विचारेना.

मग वही उघडली. आलेखाचा कागद नव्हता, तेव्हा गुरुजींनी ज्वारीचे धांडे (ताटं) आणवले. मी आकडा वाचायचा, मुलांनी एका रेघेला एक बोट धरून धांडा तोडायचा आणि भिंतीशी उभा करायचा. काय मजा आली म्हणून सांगू! वैशाखातले धांडे उंच, ज्येष्ठात पाऊस लागला तसे बुटके होत गेले. खाडी जिना उतरत पडवीत आली! मी नाचायचाच बाकी होतो. साहेबसुद्धा खुर्चीतून पुढं झुकले.

आणि मधेच दोन धांडे अगदी एका उंचीचे उभे राहिले.

“गुर्जी, इथं पायरी काऊन (का) नाही?” दुसऱ्या रांगेतली कमल उठली. “त्या रायवारी काय लिव्हलं हाय?”

मी शेवटचा रकाना वाचला. माझंच अक्षर. “आधीच्या रविवारी भुरभुर. त्या रविवारी रात्रभर मुसळधार.”

“रातभर पाणी पडलं, अन् खार तसाच?” ती म्हणाली. “आमच्या विहिरीवर एवढं पाणी पडलं तर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यात वरण लावतो.”

“समुद्र मोठा असतो, बाळ,” मी म्हणालो. “एका पावसानं त्याला...”

“मंग त्याच्या आधीच्या रायवारी भुरभुर होती, तवा कसा उतरला?”

इंगळे गुरुजींनी खडू मुठीत इतका आवळला की त्याचं पीठ झालं. मला एकदम फळ्यावरचं भिंग आठवलं. भरतीची, वाऱ्याची, अमावास्येची अशी तीन उत्तरं जिभेवर आली होती. तिन्ही गिळली.

“मी त्या दिवशी गेलोच नव्हतो,” मी म्हणालो. “पाऊस होता, झोपलो. आदल्या रविवारचा आकडा उतरवला.”

कमल शांतपणे पुढं आली, तो धांडा उचलून तिनं बाहेर टाकला आणि मधली जागा तशीच रिकामी ठेवली. मग सगळा वर्ग हसला. ते थांबेनात, तसा मीही हसलो.

साहेबांनी चष्मा पुसला. “इंगळे, हे पोरीला कोणी शिकवलं?”

“विहिरीनं, साहेब.”

“पेटी तुमच्या शाळेला,” साहेब म्हणाले.

गुरुजींनी उरलेल्या खडूचं पीठ माझ्या कोटाला पुसत मला मिठी मारली.

निघताना काचेची कांडी मी कमलच्या वर्गाला देऊन टाकली. परतीच्या गाडीत होल्डॉलला अजून वास होता, पण मी बिनधास्त झोपलो. इतकी वर्षं मी त्या आकड्यांचा रखवालदार असल्याच्या तोऱ्यात होतो. प्रत्यक्षात खाडी माझ्यावर पाळत ठेवून होती, आणि तिनं चहाडी केली ती चारशे मैलांवर जाऊन. घरी आल्यावर पहिलं काम केलं: वहीतला तो आकडा खोडला. नवी कांडी मागवली.

होळीच्या सुमाराला कमलचं कार्ड आलं. दर रविवारची विहीर, तारखांसह, मुंगीएवढ्या अक्षरात. मधे एक रकाना मोकळा, आणि खाली लिहिलेलं: “या रविवारी मी मामाकडे जानेफळला गेले होते. म्हणून आकडा लिहिला नाही. तुमच्यासारखं करू नको, असं गुरुजी वर्गात रोज सांगतात.”